मिरीच्या दाण्याएवढा चंद्र

ही गोष्ट २०१६ सालची, दिवाळीच्या सुट्टीतली. उमेळे गावात तेव्हा स्टेशनच्या बाजूने इमारती पुढे सरकत होत्या, पण मनोरमाआत्याच्या वाडीत जाईसारखा पांढरा कागडा अजून भरभरून फुलत होता. चौदा नोव्हेंबरला पौर्णिमा होती आणि जिकडेतिकडे एकच बातमी: १९४८ नंतर चंद्र आज पहिल्यांदाच पृथ्वीच्या इतक्या जवळ येणार!

चंदनसारला राहणाऱ्या परेशकाकांनी फोनवरून जाहीर केलं होतं, "मुलांनो, चंद्र मोठा का दिसतो ते जो पटवून देईल, त्याला तारांगणाच्या शिबिराला पाठवणार. पण जागा एकच आहे हं!"

"म्हणजे ती प्रणवलाच मिळणार," आत्याच्या वाडीत असलेली बारा वर्षांची अक्षया फणकारली. प्रणव हा काकांचा मुलगा, तिच्याहून वर्षाने मोठा. "नवी सायकल त्याला, दुर्बीण त्याला, कौतुकही त्यालाच!"

"दुर्बीण तुला दिली होती की बघायला," तिचा धाकटा भाऊ स्वरूप म्हणाला.

"दहा मिनिटं! तीही घड्याळ लावून!"

साडेपाचला फोन वाजला. काकांचा मेसेज! 'आमच्या गच्चीवरून आत्ता! प्रणव पहिला!' खाली फोटो: इमारतींच्या मागे परातीएवढा केशरी चंद्र.

अक्षयाचं तोंड कडू झालं. सातव्या मजल्यावरून चंद्रसुद्धा मोठा दिसतो की काय? ती तणतणत वाडीच्या बांधावर गेली. पश्चिमेला सूर्य अजून माडांच्या झावळ्यांत होता. पूर्वेला तुंगारेश्वरचा डोंगर आणि त्यावर... काहीच नाही!

"स्वरूप! चंद्र कुठाय?"

"अजून उगवलाच नाही."

"मग फोटोत कुठून आला?"

तिने लगेच प्रणवला फोन लावला. "खोटारड्या! चंद्र उगवायच्या आधीच फोटो काढलास?"

"मी? अगं, मी गच्चीवर वाटच बघतोय त्याची! बाबांना तो आमच्या इमारतीच्या ग्रुपवर आला. त्यांना वाटलं, मीच काढला. दिला पुढे ढकलून!"

अक्षया थोडी हिरमुसली. प्रणव लबाड निघाला असता तर तिला जास्त आवडलं असतं.

"ऐक," प्रणव म्हणाला, "चंद्राचा रस्ता अगदी गोल नाही, जरा लांबट आहे. आज तो जवळच्या टोकाला आहे. म्हणून नेहमीपेक्षा थोडा मोठा आणि जास्त उजळ. हे मी वाचलंय. पण उगवताना तो इतका अवाढव्य का दिसतो? तेव्हा आणखी जवळ असतो का?"

"मोजू या ना! तू तिथून, मी इथून."

सकाळीच आत्याने प्रणवच्या आईला गजऱ्यासाठी कागड्याच्या कळ्या पाठवल्या होत्या. दोघांनी एकेक कळी घेतली. साडेसहाच्या सुमाराला डोंगरावर मोठ्ठा चंद्र दिसला. हात ताठ, एक डोळा बंद! कळीच्या टोकामागे चंद्र जेमतेम झाकला गेला.

"माझ्याकडेही तसाच!" फोनमधून प्रणव ओरडला.

आठ वाजता चंद्र चांगला वर आला. अक्षयाने तीच कळी धरली. चंद्र पार गडप! "लहान झाला! चंद्र लांब गेला! शिबिर माझं!" ती नाचायलाच लागली.

मनोरमाआत्या ओटीवर गजरा ओवत होती. ती पोट धरून हसली. "अगं वेडे, कागडा रात्रीच फुलतो ना? लहान कुठला झाला चंद्र, तुझी कळी उमलली! फुलवाल्यांच्या घरातली पोर ना तू?"

अक्षया कानापर्यंत लाल झाली. प्रणव फोनवर खो खो हसला, ते तर तिला मुळीच सहन झालं नाही!

"न उमलणारं काहीतरी हवं," स्वरूप म्हणाला. "मिरी!"

दुसऱ्या दिवशी दोन्ही घरांतून मिरीचे दाणे निघाले. चंद्र उगवताना एका दाण्याने तो नेमका झाकला. साडेनऊला, तो वर आल्यावर, त्याच दाण्याने पुन्हा नेमका झाकला. उमेळ्यात तेवढाच आणि चंदनसारलाही तेवढाच!

तिसऱ्या दिवशी रात्री काका प्रणवला घेऊन उमेळ्याला आले. अक्षयाने विचारलं, "काका, तुम्ही फोटो किती वाजता पाठवलात?"

"साडेपाच."

"आणि चंद्र दिसला साडेसहाला!"

काकांनी जीभ चावली. मग तिने मिरीचा प्रयोग करून दाखवला. "डोंगरापाशी तो प्रचंड दिसतो, तो नुसता आपल्या डोळ्यांचा भास. खरा मोठा तो थोडासाच, कारण..." इथे ती थांबली. पुढचं आपलंच म्हणून सांगता आलं असतं. तिने प्रणवकडे पाहिलं. "रस्ता लांबट आहे म्हणून. पण हे प्रणवने सांगितलं."

"शाबास! आम्ही मोठ्यांनी डोळे मिटून फोटो पाठवले, तुम्ही डोळे उघडून मोजलंत!" काका म्हणाले. "पण आता जागा कुणाला द्यायची?"

 प्रणव पुटपुटला, "मोजायचं तिला सुचलं. तिला द्या." आणि तो चपला घालून एकटाच विहिरीकडे निघून गेला. पाठमोरा प्रणव पाहून अक्षयाला सगळं कळलं. गेले कित्येक दिवस ती अशीच तर धुमसत होती. तरी तिने जागा मात्र सोडली नाही!

प्रणव आठ दिवस तिच्याशी बोलला नाही. नवव्या दिवशी शिबिरात काय काय पाहिलं, ते विचारायला आपणहून आला.

आत्या आता नाही. वाडीचा अर्धा भाग राहिलाय, तिथे स्वरूप कागडा लावतो. परेशकाका कुठलाही फोटो पुढे पाठवण्याआधी घड्याळ पाहतात. अक्षया भौतिकशास्त्र शिकते. प्रणव मालवाहू जहाजावर आहे. भर समुद्रात पौर्णिमेला इतका उजेड पडतो की पुस्तक वाचता येतं, असं तो तिला कळवतो. आणि अक्षया अजूनही जळते!