शनिवारचा अंधार

हंबीरराव जगदाळे दारात उभे दिसताच लालासाहेबांनी हातातला पेपर खाली टाकला.

"आयला! आवं, तुमी टीव्हीवरचं तात्या न्हवं?"

पाहुण्याने टोपी काढली, पण तो हसला नाही. "व्हय, मीच. चारुशीला निकम हितंच बसत्यात न्हवं?"

"या, बसा," आतल्या टेबलामागून चारुशीला म्हणाली.

पोलीस खात्यातली नोकरी सोडून तिने पोवई नाक्याजवळ हे दोन खोल्यांचं ऑफिस थाटलं होतं. खासगी तपासनीस अशी पाटी बाहेर होती. लालासाहेब तिचे सख्खे मामा, निवृत्त सुभेदार. तिची गाडी ते चालवायचे आणि तिच्या प्रत्येक प्रकरणात भलत्याच माणसावर संशय घ्यायचे.

"सकाळीच पोचणार हुतो," हंबीरराव म्हणाले. "इस्लामपुरात यष्टीत बसलो आन् साताऱ्याला उतरायचं ते थेट वाईला गेलो. घाटावर जाऊन बसलो की! मग ध्येनात आलं, आपल्याला साताऱ्याला जायचंय."

"डोळा लागला आसंल," लालासाहेब हसले. "आमचंबी तसंच. लष्करात हुतो तवा कुटंबी झोपायचो."

"लष्करात? कुठली रेजिमेंट?"

"मराठा लाइट इन्फन्ट्री!"

हंबीररावांनी मान डोलावली. मग ते चारुशीलाकडे वळले. "ताई, माझा वैरी हुडकून द्या."

'शनिवारचा खळखळाट' हा कार्यक्रम ठाऊक नसलेलं माणूस त्या वर्षी सातारा-सांगलीत सापडलं नसतं. पुण्याची एक वाहिनी सांगलीतलं जुनं नाट्यगृह भाड्याने घेऊन दर शनिवारी संध्याकाळी विनोदी स्किटं थेट दाखवत होती. समोर प्रेक्षक, चूक झाली तर झाकायला सोय नाही. त्यातलं तात्या आणि त्यांची बायको काशी यांचं स्किट सगळ्यांत गाजलं. तात्या बोलायला लागले की काशी त्यांचं वाक्य मध्येच तोडून आपणच पुरं करायची. पोरंटोरं घराघरांत तीच नक्कल करत होती.

"तीनदा झालं," हंबीरराव म्हणाले. "भर स्किटात सेटवरचं दिवं जात्यात, माइक मरत्यात आन् वाहिनी जाहिराती लावती. बाकी कुणाच्या स्किटात न्हाई, माज्याच! लोक म्हणाय लागलीत, म्हातारा उभा ऱ्हायला की अंधार हुतो. उद्याच्या शनवारी शेवटचा भाग हाय. पुढच्या हंगामात मला घ्यायचं का न्हाई, ह्ये त्यावर ठरणार."

"संशय कुणावर आहे?"

"राजस. त्योच स्किटं लिवतो आन् कामबी करतो. माजी जागा पायजे त्याला. घावला तर मी माफ न्हाई करणार."

"आणि भरवसा कुणावर?"

"चंद्रावर." उत्तर लगेच आलं. "काशीचं काम करती ती चंद्राबाई. लोकनाट्यात हुतो तवापासनं आमची जोडी. माजी बायकू लीला वारली तवा वरीसभर चंद्राच्या घरचा डबा आला. मी हितं आलोय ह्ये तिला कळू दिऊ नका. घोर लावून घील."

निघताना ते दारात थांबले आणि लालासाहेबांकडे आपुलकीने पाहत म्हणाले, "तुमी लष्करात हुता वाटतं? कुठली रेजिमेंट?"

"मराठा लाइट इन्फन्ट्री!" लालासाहेबांनी पुन्हा तेवढ्याच अभिमानाने सांगितलं.

चारुशीला मात्र पाठमोऱ्या हंबीररावांकडे बराच वेळ पाहत राहिली.

दुपारी दोघांनी त्या तिन्ही भागांची चित्रफीत पाहिली. तिन्हींत घडलं ते जवळपास सारखंच होतं. तात्या ओसरीवर बसून गावगप्पा हाणत होते. काशी "च्या टाकते" म्हणून आत गेली. आतून तिचा आवाज आला, "आलं घालू का ओ?"

तात्यांनी उत्तर दिलं नाही. ते बोलता बोलता थांबले होते. त्यांनी आतल्या दाराकडे पाहिलं, मग प्रेक्षकांकडे, मग पुन्हा दाराकडे. नाट्यगृह हसून हसून कोसळत होतं.

"काय टायमिंग हाय बग!" लालासाहेबांनी डोळे पुसले. "एक अक्षर न बोलता हसवतो गडी."

तेवढ्यात पडदा काळा झाला.

जाहिरातींनंतर दिवे परत आले, तेव्हा काशी तात्यांच्या शेजारी उभी होती. तिच्या हातात कप नव्हता. तिने तात्यांचं अडलेलं वाक्य पुरं केलं आणि टाळ्या पडल्या.

"मामा, चहा कुठे गेला?"

"आगं, एवढ्या गोंधळात च्या कोण आणतंय!"

त्याच संध्याकाळी ते सांगलीत पोचले. कार्यक्रमाची दिग्दर्शिका प्रियदर्शनी नाट्यगृहाच्या मागे उभ्या असलेल्या गाडीत भेटली. तिथूनच ती कॅमेऱ्यांना सूचना द्यायची.

"मॅडम, आम्ही बोर्ड बदलला, वायर बदलली," ती वैतागून म्हणाली. "सेटवरचे दिवे आणि माइकची यंत्रं एकाच बोर्डावर आहेत. तो शॉर्ट होतो आणि मेन स्विच पडतो. बोर्डाजवळ ओल दिसली. एसीचं पाणी असेल. मुंग्यासुद्धा झाल्या होत्या."

"मुंग्या?"

"जुनी इमारत आहे."

"तेव्हा तुम्ही कुठे होता?"

"इथेच. माझी सगळी टीम साक्षीला आहे. आणि खरं सांगू? आमचं नुकसानही झालं नाही. अंधाराच्या त्या क्लिपा लोक पुन्हा पुन्हा बघतात."

बाहेर आल्यावर लालासाहेब पुटपुटले, "हीच हाय. फायदा हिचाच."

राजस रिकाम्या प्रेक्षागृहात बसला होता. मिरजेचा हा तरणा पोरगा कार्यक्रमाचा लेखक होता आणि नटही.

"हंबीररावांची जागा मला हवीच आहे," तो सरळ म्हणाला. "कुणाला नको असेल? पण त्यांना पाडून नको. दिवे गेले तेव्हा मी विंगेत कपडे बदलत होतो. एकटाच होतो, साक्षीदार नाही."

"तात्या-काशीचं स्किट छान लिहिता."

तो कडवट हसला. "मी लिहितो ते वेगळंच असतं. माझ्या कागदावर काशी मध्ये तोंड घालतच नाही. सगळे पंच तात्यांचे. पहिल्याच भागात चंद्राबाई मध्ये बोलल्या, लोक हसले, आणि मग तीच रीत पडली. म्हणून मी अधूनमधून काशीला चहाला पाठवतो. म्हाताऱ्याला जरा एकट्याने खेळू दे की! एवढा मोठा नट आहे."

"उद्याही पाठवणार?"

"हो. उद्या तर तात्यांचं मोठं भाषण आहे."

लालासाहेबांनी आता राजसवर बोट ठेवलं.

चंद्राबाई रंगपटात स्टोव्हवर चहा उकळत होत्या. सावळा, थकलेला चेहरा, कपाळावर ठसठशीत कुंकू. चमचा त्यांनी डाव्या हातात धरला होता. उजव्या हाताच्या बोटांना पट्टी होती.

"हाताला काय झालं?"

"तवा लागला. घ्या, च्या घ्या. लय ग्वाड झालाय, त्यांच्या सवयीचा. त्यांस्नी स्टेजवर रिकामा कप चालत न्हाई. खरा च्या लागतो, आन् साखर मूठभर."

"अंधार झाला तेव्हा तुम्ही कुठे होता?"

"मी कुटं असणार? नाटकातच. माजा आवाज सगळ्या मुलखानं ऐकलाय की."

"कुणावर संशय?"

"कुणावर न्हाई." त्यांनी चहा गाळायला घेतला. "ताई, उद्याचा शेवटचा शनवार तेवढा पार पडू द्या. मग आमी दोगंबी थांबणार हाय."

"हंबीरराव तर थांबणार नाहीत, असं ऐकलं."

चंद्राबाईंनी वर पाहिलं नाही. "मी सांगीन त्यांस्नी."

जाताना चारुशीला सेटवर चढली. ओसरीमागचं दार उघडलं की पलीकडे प्लायवूडची भिंत, एक स्टूल, त्यावर थर्मास, आणि स्टुलाच्या पायाशी विजेचा बोर्ड. ती खाली बसली. बोर्डाजवळची फळी बोटाला चिकट लागली. मुंग्यांची रांग तिथेच येऊन थांबत होती. तिने वर पाहिलं. एसीची नळी सभागृहाच्या दुसऱ्या टोकाला होती.

शनिवारी दुपारी तिने प्रियदर्शनी, राजस आणि चंद्राबाईंना त्याच ओसरीवर बोलावलं. हंबीरराव रंगपटात तोंडाला रंग लावत बसले होते. लालासाहेब दाराशी उभे राहिले.

"तुम्ही सगळे विचारत होता, हंबीररावांचं स्किट कोण पाडतंय. त्यांचा संशय तर राजसवर होता," चारुशीलाने सुरुवात केली. "मी विचारलं, दिवे नेमके कधी जातात? तिन्ही वेळा ते थांबल्यावर गेले. आधी नाही. प्रेक्षकांना ते थांबणं विनोद वाटलं. पण विनोदासाठी थांबलेला नट सारखा दाराकडे बघत नाही. ते कुणाची तरी वाट बघत होते."

राजसने मान वर केली.

"दर वेळी काशी आत गेलेली असते. ती समोर असली की तात्यांचं वाक्य कधी अडत नाही, कारण अडण्याआधीच ती ते पुरं करते. राजस, तुमच्या कागदावर नसलेले ते बोल विनोद म्हणून आले नव्हते. चंद्राबाई त्यांना वाक्यं पुरवत होत्या. लोक हसले म्हणून ते झाकलं गेलं."

प्रियदर्शनीचा हात तोंडावर गेला.

"पण दिवं?" लालासाहेबांना राहवलं नाही. "बाई तर स्टेजवर हुत्या. आवाज ऐकलाय मी!"

"आवाज ऐकलात मामा, त्या दिसल्या का? त्या ह्या दारामागे होत्या, बोर्डाजवळ, हातात चहा घेऊन. दिवे आल्यावर तो चहा कधीच बाहेर आला नाही. तो बोर्डावर ओतला होता. एसीच्या पाण्याला मुंग्या लागत नाहीत, त्यांना साखर लागते. चालू बोर्डावर चहा ओतणाऱ्याच्या हाताचं काय होतं, ते त्या पट्टीखाली आहे. तवा नव्हता तो."

चंद्राबाई पदराच्या टोकाशी चाळा करत होत्या.

"हंबीरराव माझ्याकडे यायला निघाले आणि वाईच्या घाटावर जाऊन बसले," चारुशीला हळू आवाजात म्हणाली. "मामांना त्यांनी एकच प्रश्न दोनदा विचारला. पहिलं उत्तर त्यांच्याजवळ उरलंच नव्हतं. चंद्राबाई, हे कधीपासून?"

"हंगामाच्या आदीपासनं." त्या म्हणाल्या. "पैल्यांदा नावं जायची. मग वाक्यं. दाक्तराकडं चला म्हणलं तर माज्यावर चिडले. म्हणलं, एवढा हंगाम निभावून न्यावा. दिवं गेलं तर लोक इमारतीला नावं ठेवत्यात. माणूस गप उभा ऱ्हायला तर..." मग त्यांनी हात जोडले. "ताई, त्यांस्नी सांगू नका. राजसवर आळ आला त्ये मला ठावं न्हवतं. काय शिक्षा करायची ती मला करा."

"मला नेमलंय त्यांनी, बाई. उत्तर त्यांचं आहे."

"मग मलाच द्या."

विंगेत हंबीरराव उभे होते. अर्ध्या चेहऱ्याला रंग होता, अर्धा कोरा. ते कधी आले कुणालाच कळलं नव्हतं.

ते ओसरीवर आले आणि चंद्राबाईंसमोर खाली बसले. "हात बघू."

"ऱ्हाऊ द्या."

त्यांनी चंद्राबाईंचा हात ओढून घेतला आणि पट्टी सोडवली. बोटांची टोकं करपून काळी पडली होती. ते बघतच राहिले.

"मेली असतीस, चंद्रा."

"तुमी लोकांफुडं वाक्य हुडकत उभं ऱ्हाताय, त्ये बगण्यापरास बरं."

"मला वाटायचं," हंबीरराव संथपणे म्हणाले, "अंधार झाला म्हणून मी इसरलो. दर बारीला आसंच वाटायचं. उलटं हुतं व्हय?"

त्यांनी राजसकडे तोंड वळवलं. "पोरा, तुज्यावर उगा आळ घेतला." राजस उठला आणि मुकाट्याने त्यांच्या पाया पडला.

"तुमचं स्किट काढून टाकूया," प्रियदर्शनी म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "मी काहीतरी सांगते लोकांना."

"न्हाई. आज म्या सांगतो. अजून सांगाय येतंय तवर."

संध्याकाळी नाट्यगृह भरलं. चारुशीला आणि लालासाहेब मागच्या रांगेत बसले. तात्या ओसरीवर आले, त्यांच्याशेजारी काशी. या वेळी ती चहाला उठली नाही.

"मंडळी," हंबीरराव म्हणाले, "मला हल्ली इसरायला हुतंय."

लोक हसले.

"खरं सांगतोय. वाक्यं जात्यात माजी. ही पुरवती म्हणून मी उभा हाय."

हशा आणखी वाढला. पुढच्या रांगेतली एक बाई हसता हसता पदराने डोळे टिपत होती. लालासाहेब खाली मान घालून बसले होते.

हंबीरराव पुन्हा बोलायला गेले आणि थांबले. ते चंद्राबाईंकडे वळले. चंद्राबाईंचे ओठ हलले, पण शब्द आला नाही. त्यांच्या गालांवरून पाणी ओघळत होतं आणि कॅमेरा त्यांच्या तोंडावर होता.

हशा एकेका रांगेतून विरत गेला.

बाहेरच्या गाडीत एकाने प्रियदर्शनीला विचारलं, "जाहिरात लावू?"

"नको," ती म्हणाली. "राहू दे."

हंबीरराव उठले. "चंद्रा, घरला जाऊ या का?"

"चला," त्या म्हणाल्या. डाव्या हाताने त्यांनी हंबीररावांचं मनगट धरलं आणि दोघं विंगेत गेली. मागे टाळ्या सुरू झाल्या. उभं राहून लोक टाळ्या वाजवत होते, पण त्या ऐकायला ती दोघं तिथे नव्हती.

चारुशीला धावत मागच्या दाराशी पोचली, तेव्हा चंद्राबाई त्यांना रिक्षात बसवत होत्या. रंग अजून चेहऱ्यावर होता. हंबीररावांनी नाट्यगृहाच्या दिव्यांकडे कुतूहलाने पाहिलं.

"आज खेळ हुता न्हवं आपला?"

"व्हय."

"माणसं हसली का गं?"

चंद्राबाई त्यांच्या शेजारी बसल्या आणि त्यांच्या कपाळावरचा घाम पदराने टिपला.

"लय हसली," त्या म्हणाल्या.