स्वस्त टायरचा ठसा

भाऊजींना गाडीचे टायर बदलायचे होते आणि त्या पायी त्यांनी महिनाभर सगळ्या घराचं डोकं खाल्लं होतं. गाडी एवढीशी, चौघं बसले की पाचव्याने श्वास घेऊ नये अशी. पण चौकशी अशी चाललेली, जणू विमान घ्यायचंय. भेटेल त्याला विचारायचं, तो सांगेल ते घरी येऊन वहिनींना ऐकवायचं, आणि शेवटी घ्यायचं काहीच नाही.

वहिनी म्हणजे त्यांच्या थोरल्या भावाची बायको. उभी हयात विमा कंपनीसाठी अपघातात चेपलेल्या गाड्या तपासण्यात गेली, आता खाजगी तपासाची कामं घेतात. माणसांपेक्षा पत्रा बरा, तो निदान खोटं बोलत नाही, असं त्यांचं मत, आणि ते त्या कुणापासून लपवत नाहीत. त्यांना गाडी चालवता येत नाही, म्हणून भाऊजी चालवतात. भाऊजी निवृत्त चित्रकला शिक्षक. हात सुरेख, डोकं सावकाश.

त्या सकाळीही टायरपुराण सुरू होतं, तेवढ्यात दारावरची घंटा वाजली. आलेली बाई घरोघरी जाऊन आजाऱ्यांची शुश्रूषा करणारी नर्स होती. डोळे सुजलेले, पण बोलणं नीट, एकामागून एक.

तिच्या सोसायटीच्या फाटकातून आत यायला उतार आहे. परवा त्यावर नवं सिमेंट घातलं आणि दोरी बांधली. काल पहाटे कुणीतरी गाडी थेट त्या ओल्या सिमेंटवरून आत घातली. वॉचमनकाका अडवायला धावले, त्यांना धडक बसली. मांडीचं हाड मोडलं. अंधारात डोळ्यांवर दिवे आले, गाडी कुठली ते त्यांना दिसलं नाही. त्याच पहाटे नर्स रात्रपाळी करून परतली. दोरी पाहून तिने गाडी बाहेर रस्त्यावर लावली, चालत आत आली, तर काका विव्हळत पडलेले. तिनेच ॲम्ब्युलन्स बोलावली.

"आणि तेच माझ्यावर उलटलं," ती म्हणाली. "म्हणतात, मन खात होतं म्हणून मदत केली. सिमेंटमध्ये उमटलाय तो माझ्याच टायरचा ठसा आहे. मी मागच्या आठवड्यात स्वस्तातले टायर घेतले, तसे सोसायटीत दुसऱ्या कुणाचे नाहीत. उद्या मीटिंग आहे. पोलिसांत माझं नाव द्यायचं आणि घर रिकामं करायला सांगायचं, दोन्ही ठरलंय. लायसन्स गेलं तर माझं काम गेलं. आईला आणि मुलीला घेऊन जाऊ कुठे?"

वहिनींनी विचारलं, "धडक तू दिलीस का?"

"नाही."

"मग चल. रडायचं राहिलं असेल तर गाडीत रड, वेळ वाचेल."

सोसायटीच्या फाटकाशी चेअरमन उभेच होते. पांढरा बूट, पांढरा पट्टा, आणि सिमेंटकडे बघण्याची अशी तऱ्हा, जणू घरातलं कुणी गेलंय. उतार त्यांनीच पाठपुरावा करून घालून घेतला होता. वॉचमनच्या मांडीबद्दल ते एक वाक्य बोलले, सिमेंटबद्दल पंधरा.

ठसा मात्र पाहण्यासारखा होता. दोन्ही चाकांचे पट्टे शेजारी शेजारी, नक्षीसकट वाळून दगड झालेले. भाऊजींनी त्यावर जुनी वर्तमानपत्रं अंथरली आणि पेन्सिल घासून दोन्ही पट्टे झकास उतरवून घेतले. प्रत्येक पट्ट्याच्या एका कडेला मोठे ठोकळे, दुसऱ्या कडेला बारीक चिरा. दोन्ही पट्ट्यांतले ठोकळे एकमेकांकडे तोंड करून होते, चिरा बाहेरच्या अंगाला. भाऊजी आपल्या कामावर खूश झाले. वहिनींनी कागदाकडे पाहिलं आणि काही न बोलता घडी घालून पिशवीत ठेवला.

"हा ठसा नर्सबाईंच्या टायरचा, हे पहिल्यांदा कुणी ओळखलं?" त्यांनी विचारलं.

"मी," चेअरमन म्हणाले. "वाकलो, पाहिलं आणि तिथेच सांगितलं, हा त्या भिकार कंपनीचा टायर. मग हिची गाडी पाहिली, तर तेच."

टायर म्हटल्यावर भाऊजींना राहवतंय कुठलं. आपणही तेच टायर घ्यावेत का, असं त्यांनी विचारलं. चेअरमननी कीव आल्यासारखं पाहिलं. म्हणाले, चुकूनही घेऊ नका. गाडी मोठ्या रस्त्याला लागली की ते भुंग्यासारखे गुणगुणतात, रेडिओ ऐकू येत नाही. माणसाची लायकी त्याच्या टायरवरून कळते. आपण तर परदेशी टायरशिवाय बोलत नाही.

त्यांची गाडी शेजारीच होती. मापाने नर्सच्या गाडीएवढीच, पण चकचकीत व्हील कव्हर लावून नटवलेली. टायर पॉलिश केलेल्या बुटासारखे काळे, वर ठळक अक्षर एकही नाही. भाऊजींना तो साधेपणा फार आवडला. अपघाताच्या वेळी आपण साखरझोपेत होतो, गाडी जागची हलली नव्हती, असं चेअरमन न विचारताच सांगून गेले.

पहिल्या मजल्यावर दातांचे डॉक्टर राहत. नर्स गेली तर तिची गाडी लावायची जागा त्यांना मिळणार होती, त्यामुळे तिच्या अपराधाबद्दल त्यांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. पहाटे कुठे होता, असं विचारल्यावर चिडले. वहिनींनी खाली जाऊन त्यांच्या गाडीच्या चाकावरून बोट फिरवलं. टायरला टक्कल पडलं होतं, नक्षी नावालाही उरली नव्हती.

"ह्याचा ठसा उमटला असता तर पोळपाटासारखा उमटला असता," वहिनी म्हणाल्या. "लोकांचे दात घासून देतो आणि स्वतःचे टायर असे. हा मूर्ख आहे, पण ह्याने हे केलेलं नाही."

मग त्यांनी नर्सला तिच्या गाडीतून आपल्या दोघांना मोठ्या रस्त्यावर फेरी मारून आणायला सांगितलं. काचा बंद, गाडी जोरात. भाऊजींनी नाश्ता केला नव्हता, त्यांच्या पोटातली गुरगुर स्पष्ट ऐकू येत होती. बाकी आवाज नव्हता. भाऊजी शरमले आणि वहिनी पहिल्यांदा हसल्या.

परतताना गाडी तिने जिथून टायर घेतले त्या दुकानाशी थांबवली. टायरवाला गिऱ्हाइकांना कंटाळलेला माणूस होता. भाऊजींचं तोंड उघडायच्या आत म्हणाला, महाग घ्या, स्वस्त घ्या, हवा भरणार नसाल तर दोन्ही वाया. ह्या स्वस्त टायरमध्ये वाईट काही नाही. फक्त ह्याला आतली आणि बाहेरची बाजू असते. बाहेरच्या कडेला मोठे ठोकळे, वळणावर धरून ठेवायला. आतल्या कडेला चिरा, पाणी काढायला. बाहेरच्या अंगावर कंपनीचं नाव पांढऱ्या ठळक अक्षरांत, आणि 'आउटसाइड' असं चक्क लिहिलेलं. नर्सच्या गाडीच्या चारही चाकांवरची नावं दुरूनही वाचता येत होती.

तेवढं लिहूनही लोक अक्कल पाजळतात, असं तो पुढे बोलत राहिला. कुणाला अक्षरं लाल रंगवून हवीत, कुणाला ती आतल्या बाजूला वळवून हवीत, कुणाला जुने टायर काळे करून नवे म्हणून मिरवायचेत. कोण कोण, असं वहिनींनी विचारलं. त्याने खांदे उडवले. निम्मे लोक गाडी आणतच नाहीत, टेम्पोत नुसती चाकं पाठवतात. चाकावरून माणूस काय कळणार?

"कळतो," वहिनी म्हणाल्या.

नर्सबाई पुन्हा आल्या होत्या का, हे मात्र त्यांनी आवर्जून विचारलं. नाही, टायर बसवले त्यानंतर आज पहिल्यांदाच, असं टायरवाल्याने सांगितलं.

घरी जाताना भाऊजींनी कबूल केलं की त्यांना काहीही उमगलेलं नाही. "ठसा तर त्याच टायरचा आहे, वहिनी. मी स्वतः काढलाय."

"काढलात हो. बघितला नाहीत."

मीटिंग दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जिन्याखालच्या मोकळ्या जागेत भरली. खुर्च्या चेअरमनना आणि डॉक्टरांना, बाकीचे उभे. नर्स भिंतीला टेकून, आईचा हात धरून उभी होती. चेअरमननी घसा साफ केला. ठराव वाचण्याआधी वहिनींनी सगळ्यांना बाहेर सिमेंटपाशी नेलं. नर्सची गाडी त्यांनी आधीच तिथे आणून ठेवली होती.

"खाली वाका," त्या म्हणाल्या. "दोन दिवस ठशाबद्दल बोलताय, वाकून नीट एकानेही पाहिलेलं नाही. ह्या गाडीचे मोठे ठोकळे कुठल्या कडेला आहेत?"

"बाहेरच्या," कुणीतरी म्हणालं.

"आणि सिमेंटमध्ये?"

भाऊजींनी आपला कागद उलगडला आणि त्यांचा चेहरा पडला. "आतल्या. समोरासमोर आहेत. अरेच्चा."

"चाकं डावी उजवीकडे करा, पुढची मागे करा, ठोकळे बाहेरच राहणार. टायर चाकावरून उतरवून उलटा बसवला तरच ते आत जातात. ते काम मशीनचं आहे आणि ही मुलगी पुन्हा दुकानात गेलेली नाही. म्हणजे टायर हाच, पण गाडी दुसरी. त्या गाडीला हे टायर मुद्दाम उलटे बसवलेत. का बसवले असतील?"

वहिनींनी नर्सच्या चाकावरच्या पांढऱ्या नावावर बोट टेकवलं.

"उलटा बसवला की कंपनीचं नाव आत जातं. स्वस्त टायर घ्यायचा होता, पण घेतला हे कुणाला दिसू द्यायचं नव्हतं, असा माणूस." वहिनी चेअरमनकडे वळल्या. "नक्षीवरून टायर तुम्ही ओळखलात. ज्या टायरला तुम्ही हात लावत नाही, त्याची नक्षी तुम्हाला पाठ कशी? तो भुंग्यासारखा गुणगुणतो, हेही तुम्हीच सांगितलंत. तो गुणगुणत नाही. काल आम्ही मोठ्या रस्त्यावर जाऊन आलो, भाऊजींचं पोट ऐकू येत होतं. टायर उलटा बसवला तर गुणगुणतो. चांगल्या टायरची वाट तुम्ही स्वतः लावलीत आणि नावं कंपनीला ठेवलीत."

चेअरमन म्हणाले, हा अपमान आहे, आपले टायर परदेशी आहेत.

"डॉक्टर, तुमचा तो दात बघायचा आरसा आणा."

"तो मी लोकांच्या तोंडात घालतो," डॉक्टर म्हणाले.

"चाक त्यापेक्षा स्वच्छ असेल. आणा."

आरसा आला. भाऊजींनी बॅटरी धरली. वहिनी चेअरमनच्या गाडीपाशी गुडघ्यांवर बसल्या आणि आरसा चाकाच्या मागे सरकवला. काचेत पांढरी ठळक अक्षरं दिसली, उलटी, पण नर्सच्या गाडीवर होती तीच. एकेकाने वाकून पाहिलं. चेअरमन कुणाकडेच बघत नव्हते.

सिमेंटमुळे रात्री गाडी बाहेर रस्त्यावर लावली होती, तिच्यातून जावयाला पहाटेच्या आगगाडीवर सोडून ते परत येत होते, असं मग हळूहळू बाहेर आलं. डोळ्यांवर झोप, सवयीने गाडी आत वळली, दोरी दिसली नाही, वॉचमन मधे आला. गाडी थांबवली असती तर गर्दी झाली असती, कुणीतरी वाकून टायर पाहिले असते. नंतर ठसा पाहिला तेव्हा नर्सचे टायर आठवले आणि सगळं आपोआप जमून आलं.

"चारचौघांत हसं झालं असतं माझं," ते पुटपुटले.

"टायरपायी?" वहिनींनी सगळ्यांकडे पाहिलं. "इथे शेजाऱ्याच्या गाडीला कुठले टायर आहेत, कुणाला सांगता येईल? शेजाऱ्याचं जाऊ द्या, डॉक्टर, तुमच्या स्वतःच्या गाडीचे सांगा."

डॉक्टरांना आठवेना. कुणालाच आठवेना.

"बघा. नाव बाहेर असतं तरी कुणीही वाचलं नसतं."

चेअरमन नर्सजवळ गेले. आवाज एकदम मऊ झाला होता. तिचा वॉचमनशी घरोबा आहे, ती दोन शब्द बोलली तर पोलिसांपर्यंत जायची गरज पडणार नाही, असं काहीतरी ते म्हणाले.

नर्सने आईचा हात सोडला. "त्या पहाटे काकांना स्ट्रेचरवर ठेवत होते," ती म्हणाली, "तेव्हा त्यांनी मला एकच विचारलं होतं. साहेबांचं सिमेंट फार खराब झालं का गं, साहेब रागावतील. मी म्हटलं, नाही, थोडंच झालंय. तेवढं एक खोटं मी बोलले. तुमच्यासाठी दुसरं बोलणार नाही."

पोलिसांना फोन तिनेच केला. ठरावाचा कागद चेअरमनच्या खुर्चीवर तसाच पडून राहिला.

भाऊजींनी दुसऱ्याच दिवशी जाऊन तेच स्वस्त टायर घेतले. नाव बाहेर, पांढरं, ठळक, लांबून वाचता येईल असं. त्यावर कुणी काही बोललं तर काय उत्तर द्यायचं, तेही त्यांनी पाठ करून ठेवलं होतं. महिना झाला, अजून एकाही माणसाने ते वाचलेलं नाही.