भरल्या टाकीचा दगा

"मला कारण नको, माणूस हवाय," खाणमालक म्हणाला. प्लास्टरमधला पाय समोरच्या खुर्चीवर टाकून तो कुबडी फरशीवर आपटत होता. "एकदा नाव कळू दे, उभा सोलतो त्याला."

"कारण कळलं की नाव कळेलच," वहिनी म्हणाल्या. "आधी गाडीचं सांगा."

वहिनींनी बरीच वर्षं विमा कंपनीसाठी अपघातातल्या गाड्या तपासल्या होत्या. आता त्या खासगी तपास करत. सोबतीला धाकटे दीर, चित्रकलेचे निवृत्त शिक्षक. त्यांना सगळे मास्तर म्हणत. मास्तरांना रंग चटकन दिसत, बाकीचं जरा उशिरा.

गाडी दणकट होती, डिझेलची, चारही चाकांना जोर देणारी. पण गेल्या काही दिवसांत खाणीच्या चढणीवर, ऐन वळणावर, तिचं इंजिन गचकन बंद पडू लागलं होतं. दोनदा ड्रायव्हरने सावरलं. मालकाने त्यालाच दोषी धरून हाकललं आणि स्वतः गाडी चालवायला बसला. त्या दिवशी इंजिन गेलं तसा ब्रेक घट्ट झाला, स्टिअरिंग जड झालं, आणि गाडी मागे घरंगळत कठड्यावर आदळली.

"वळणच अपशकुनी," मालक म्हणाला. "आमचे दाजी तिथेच गेले. खाणीच्या ट्रकचा ब्रेक लागला नाही. अर्थात चूक त्यांचीच. वेग आवरला नाही."

वहिनींनी मान डोलावली. मास्तरांना त्यात विशेष काही वाटलं नाही.

गॅरेजवाला मिस्त्री हात पुसत बाहेर आला. मालकाने भर बाजारात त्याला लबाड म्हटलं होतं. "पाय मोडल्याचं ऐकून बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? पण गाडीला मी हात लावला तो पहिल्यांदा बंद पडल्यावर. पंप पाहिला, नोझल काढले, फिल्टर बदलला. काही सापडेना. माझ्याकडे आणली की मुकाट सुरू होते!"

"सगळ्यात आधी काय बघता?"

"डिझेल आहे का ते. झाकण उघडून. कोणीही तेच बघेल."

"अगदी बरोबर," वहिनी म्हणाल्या आणि का कोण जाणे, खूश दिसल्या.

ड्रायव्हर घरीच होता. "चारचौघांत कानाखाली काढली त्याने माझ्या," तो धुमसत म्हणाला. "पण माझाच डाव असता, तर मी दोनदा गाडी सावरली असती का?"

"बंद पडल्यावर काय केलंत?"

"मालकांकडून किल्ली घेऊन टाकी उघडली. फुस्स आवाज आला. उन्हाने होतं तसं."

"हवा बाहेर आली की आत गेली?"

ड्रायव्हरने आठवून पाहिलं. "हातातली चिंधी आत ओढली गेली खरी."

"आणि मधल्या काळात गाडी नीट चालली असा एखादा दिवस?"

"परगावी नेली तेव्हा. चढउतार होते, पण हूं की चूं नाही. टाकी अर्धीच होती. एरवी अक्का हल्ली गळ्यापर्यंत भरायला लावतात. डिझेल चोरीला जातं म्हणून झाकणाला कुलूप आहे. एक किल्ली मालकांकडे, एक अक्कांकडे."

अक्का म्हणजे मालकाची थोरली बहीण, दाजींची बायको. नवरा गेल्यापासून भावाकडेच राहत होत्या. स्वयंपाकघरात कांदा चिरत त्यांनी तपासाची चौकशी केली, चहा दिला. मास्तरांचं लक्ष सुरीच्या मुठीकडे गेलं. पातं आणि लाकूड यांच्या सांध्यात गडद तांबडी रेघ होती, आतून पेटल्यासारखी.

"काय सुंदर रंग आहे!"

"लाख आहे. मूठ सैल झाली की वितळवून भरते. आमचे हे असंच करायचे."

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनींनी सगळ्यांना अंगणात बोलावलं. टाकी काठोकाठ भरवली, झाकणाला कुलूप घातलं आणि मिस्त्रीला इंजिन चढाला लागतं तसं ताणून चालवायला सांगितलं. सगळे ताटकळत उभे राहिले. मग इंजिन खोकलं, गुदमरलं आणि बंद पडलं. टाकीचा पत्रा टणकन वाजला.

मिस्त्री सवयीने झाकणाकडे वळला.

"थांबा. आधी सुरू करून बघा."

इंजिन नुसतं घुरघुरलं. मग वहिनींनी झाकण उघडलं. फुस्स! मिस्त्रीने इंजिनाकडे डिझेल खेचणारा छोटा हातपंप दाबला, किल्ली फिरवली आणि गाडी सुरू झाली.

"जितकं डिझेल बाहेर जातं, तितकी हवा टाकीत यावी लागते," वहिनी म्हणाल्या. "त्यासाठी झाकणाला बारीक भोक असतं. ते बुजवलं, की टाकी आतून ओढ घेते आणि पंपाला डिझेल मिळेनासं होतं. अर्ध्या टाकीत हवा भरपूर, म्हणून ओढ लवकर बसत नाही. भरल्या टाकीत लगेच बसते, आणि चढावर इंजिन जास्त पितं. दोष शोधायला जो तो झाकण उघडायचा, आणि उघडताच दोष पळून जायचा."

त्यांनी झाकणाचं रबर उचकटलं. "मिस्त्रींच्या हाती झाकण आलं ते नंतर. ड्रायव्हरला किल्ली मालकांकडे मागावी लागायची, आणि झाकण उघडायचं तेही त्यांच्यासमोर. भाऊजी, हा रंग ओळखता?"

भोकात तांबडा ठिपका होता. मास्तरांना सुरीची मूठ आठवली. त्यांनी अक्कांकडे पाहिलं आणि आपण पाहिलं याचंच त्यांना वाईट वाटलं.

"अक्का? तू?" मालक किंचाळला.

"मी," अक्का म्हणाल्या. "ट्रकचा ब्रेक लागत नाही, हे यांनी तुला सकाळीच सांगितलं होतं. माझ्यासमोर. तू म्हणालास, न्यायचा तर न्या, नाहीतर घरी बसा. आणि चौकशीत त्यांचीच चूक सांगितलीस. मी ओरडून सांगत होते, तर म्हणालास, दुःखाने हिचं डोकं फिरलंय." त्या एक पाऊल पुढे आल्या. "पायाखाली ब्रेक दगड झाला, तेव्हा कसं वाटलं रे?"

"पोलिसांना बोलवा!"

"बोलवू," वहिनी म्हणाल्या. "ते ट्रकबद्दलही विचारतील."

मालकाचा चेहरा उतरला. "राहू दे. घरातलं आहे, घरात मिटवू."

"अक्का, तो मेला असता," मास्तर न राहवून म्हणाले. "तुम्हीही सुटणार नाही."

"सुटायचंय कुणाला?"

अक्का ओसरीवर गेल्या, फोन उचलला आणि नंबर लावला. मालक कुबडी शोधत उठू लागला. ड्रायव्हरने ती पायाने बाजूला सारली.

"पोलीस ठाणं ना?" अक्कांचा आवाज स्थिर होता. "दोन गुन्हे सांगायचेत. एक मी केलाय. आधी दुसरा लिहून घ्या."