तिसऱ्या गेटचं कुलूप

समोर ठेवलेल्या पाण्याला सुजय घोरपडेने हातही लावला नाही, तेव्हाच भाऊसाहेबांनी ओळखलं की हे प्रकरण आपल्याला झेपणारं नाही. झेपायचं होतं ते त्यांच्या बहिणीला. राजधानीतल्या लक्ष्मीबाई नगरातला सरकारी क्वार्टर भाऊसाहेब पारसनीसांच्या नावावर. पण दारात येणारे निम्मे लोक कुमुदकडे गाऱ्हाणी घेऊन येत. ती खासगी तपास करायची. भाऊसाहेब सोबत जायचे आणि हमखास चुकीच्या माणसावर संशय घ्यायचे.

"दहा दिवसांनी माझा इंटरव्ह्यू आहे, ताई," सुजय म्हणाला. औशाहून येऊन तीन वर्षं तो आयएएससाठी घासत होता. "आणि पोलीस म्हणतात, ती मुलगी माझ्यामुळे मेली. केस झाली की सगळं संपलं."

गेल्या रविवारी गुडगावात, नव्या इमारतींमागच्या मैदानावर रॉकचा कार्यक्रम होता. सुजय एका दिवसाच्या कामावर तिसऱ्या गेटवर उभा होता. पावणेसहाला धुळीची आंधी आली. लोक गेटकडे पळाले, तर गेटला कुलूप. तिथे चेंगरून चेतना नावाची एकोणीस वर्षांची मुलगी गेली.

"कुलूप कुणी लावलं?" कुमुदने विचारलं.

"मी नाही. मी स्टेजकडे पाण्याचा कॅन घेऊन गेलो तेव्हा गेट उघडं होतं. कुलूप-किल्ली खिळ्याला लटकत होती."

"किती वाजता गेलास?"

"घड्याळ नाही बघितलं. पण स्टेजपाशी पोचलो आणि सगळं मैदान एकदम हळहळलं. गाणारासुद्धा थांबला! आपली विकेट पडली होती. निम्म्या पोरांच्या कानाला ट्रान्झिस्टर होते. नंतर वादळापर्यंत मी तिथंच पाणी वाटत होतो."

"गेटमधून कोण ये-जा करत होतं?"

"हेच सगळे, कार्यक्रमाला आलेले. बाहेर चहावाल्याकडे टीव्ही होता ना, स्कोअर बघायला जायचे. कार्यक्रमाचे मॅनेजर जयदीप सर भडकले होते. म्हणाले, कॅमेऱ्यात मैदान रिकामं दिसतंय."

दुसऱ्या दिवशी कुमुद कार्यक्रमवाल्या कंपनीच्या ऑफिसात पोचली. भिंतींच्या रंगाचा वास अजून गेला नव्हता. तिने आधी चित्रीकरण पाहिलं. पाच वाजून वीस मिनिटांनी गाणं थांबलं होतं, आणि स्टेजखाली कॅन घेतलेला सुजय स्पष्ट दिसत होता.

"पण कुलूप लावूनच गेला असेल, तर?" भाऊसाहेब पुटपुटले. पोलिसांचंही तेच म्हणणं होतं.

कामगारांचा तंबू गेटपासून दहा पावलांवर. त्या संध्याकाळी त्यात टीव्हीसमोर तिघं बसले होते. पहिला आला साउंडवाला हेरंब.

"तंबूतून कोणी उठलं होतं?"

"छे, मॅडम! आपली जोडी जमली होती. जमलेली जोडी असताना कोणी हलत नाही, हा आमचा नियम आहे. माझा पाय बधिर झाला, पण सरकवला नाही."

तिकीट खिडकीवरची वैभवी लाल डोळ्यांनी आली. "कोणी उठलं नाही. आणि जयदीप सरांचं नाव काढू नका माझ्यापुढे. पनवती माणूस! आठ दिवस बोलले नाहीये मी त्यांच्याशी."

"मुलीच्या मरणाचा धक्का बसलाय बिचारीला," भाऊसाहेब हळूच म्हणाले.

शेवटी स्वतः जयदीप. "मी वादळापर्यंत खुर्चीत होतो. बिल्कुल हललो नाही. दोघांना विचारा." सुजयच्या बेफिकिरीबद्दल मात्र तो भरभरून बोलला.

कुमुदने तिघांना एकत्र बसवलं.

"एकच प्रश्न. ती जोडी कुणामुळे फुटली?"

हेरंब आणि वैभवीने एकदमच जयदीपकडे पाहिलं. मग चूक कळून दोघांनी माना खाली घातल्या.

"आमच्या भाऊसाहेबांनी एका मॅचला अडीच तास तोंडात पान धरून ठेवलं होतं," कुमुद म्हणाली. "अशा घरात विकेट आपोआप पडत नाही. कोणीतरी उठतं, म्हणून पडते. वैभवी, तू यांना पनवती म्हणालीस. मुलीच्या मरणाचा राग असता तर गुन्हेगार म्हणाली असतीस. पनवती म्हणजे हे जोडी जमलेली असताना उठले. विकेट पडली पाच-वीसला. तेव्हा सुजय स्टेजपाशी होता, आणि गेटजवळ उभा माणूस एकच. मैदान रिकामं दिसू नये म्हणून ज्याला लोक आत कोंडायचे होते, तो."

"हे झूट आहे," जयदीप म्हणाला.

"परत आले तेव्हा म्हणाले होते," हेरंब जमिनीकडे बघत बोलला, "कुलूप घालून आलो, आता बघू कोण जातं बाहेर. आम्ही ओरडलो त्यांच्यावर... विकेटसाठी."

"एका विकेटसाठी तुम्ही आठ दिवस यांना माफ केलं नाहीत," कुमुद म्हणाली. "आणि चेतनासाठी पोलिसांपुढे तोंड उघडलं नाहीत."

वैभवी रडू लागली. भाऊसाहेबांना स्वतःचीच लाज वाटली. त्या संध्याकाळी चेंगराचेंगरीची बातमी ऐकून त्यांनीही फक्त स्कोअर विचारला होता.

दोघांचे जबाब झाले, सुजयचं नाव वगळलं गेलं. सांगायला भाऊसाहेब स्वतः त्याच्या खोलीवर गेले. पोरगा हसेल, पाया पडेल, असं त्यांना वाटलं होतं.

सुजयने समोरचं पुस्तक मिटलं.

"ती मुलगी दोनदा स्कोअर बघून आली होती, काका," तो म्हणाला. "दुसऱ्यांदा आत जाताना म्हणाली, 'भैया, गेट खुला रखना, मैं फिर आऊँगी.' मी हो म्हणालो होतो."