पुरे म्हणणार नाही

बसा असे, दिव्याजवळ. धुकं निवळेपर्यंत बांध काही दिसायचा नाही. तोवर त्याची गोष्ट ऐका.

त्या दिवशीही असंच धुकं होतं. दुपारची जेवणं उरकून, भांडी विसळून मी पहार घेतली आणि टेकडीवर निघाले. पावसाने आमचा मधला बांध ढासळला होता, तो रचायचा होता. दुसऱ्या दिवशी मोजणीवाला येणार होता. बांध उभा दिसला तर जमीन कसलेली. पडलेला दिसला तर कागदावर 'पडीक', आणि पडीक टेकडी खाणवाली कंपनी सुरुंग लावून फोडणार. दादाने शहरातून फोनवरच हात झटकले होते.

"निसर्गाने केलेली टेकडी, निसर्गच पाडतोय. तू कशाला जिवाला घोर लावून घेतेस?"

निसर्गाने? माझं डोकंच फिरलं. निसर्गाने नुसता उतार दिला, शेळीसुद्धा घसरेल असा. तळापासून माथ्यापर्यंत त्याच्या पायऱ्या केल्या आमच्या माणसांनी. माती टोपल्यांनी वर नेली, दगड हातांनी रचले.

रचायची आमची रीत साधी. रांग लावायची. रचणारा बांधाकडे तोंड करून बसतो, हात मागे करतो, म्हणतो, "दे." मागचा दगड देतो. वळून बघायचं नाही. वळलं की दगड पायावर. काम झालं की "पुरे" म्हणायचं, तोवर रांग थांबत नाही. बाबांनी हे मला बोलता येण्याआधीच शिकवलं असावं. आता बाबा नव्हते, काका नव्हते. रांगेत मी एकटीच उरले होते.

ऊठ, दगड आण, बस, लाव. अर्धा बांध झाला तोवर कंबरेचा काटा ढिला झाला. धुकं इतकं दाटलं की पायाखालचंही दिसेना. ओल्या मातीचा वास तेवढा येत होता. थकून, निव्वळ सवयीने, मी हात मागे केला.

"दे..."

हातात दगड आला.

अलगद ठेवलेला. आणि कोमट, बराच वेळ कुणाच्या तरी हातात असावा तसा. मातीच्या वासात आता घामाचा वास मिसळला होता. मागे उतारावर पाय सरकत होते... एकाचे नाही, पार तळापर्यंत. कुणीतरी हलकेच खोकलं.

घाबरले, खोटं कशाला सांगू. पळावंसं वाटलं, पण पळून जाणार कुठे? उद्या टेकडीच राहिली नसती. म्हटलं, भुतं तर भुतं, घरचीच आहेत. बोलावल्यावर कामाला तरी आली, दादापेक्षा बरी.

"दे," मी म्हटलं. या वेळी खणखणीत.

अंधारायच्या आत बांध उभा राहिला. मी मागे न बघता घरी आले.

सकाळी मोजणीवाल्याने बांधावर पाय आपटून पाहिला.

"किती माणसं लावली होती, ताई?"

"घरचीच."

त्याने चिखलात माझ्या एकटीची पावलं पाहिली. मग 'कसलेली' लिहिलं आणि चहा न घेताच गेला. मी घरी परतले तर उंबऱ्याशी एक दगड होता. उचलला तर कोमट. तेव्हा आठवलं, "पुरे" म्हणायचं राहूनच गेलं होतं.

तेव्हापासून रोज सकाळी एक असतो. आत येताना तुम्हाला ठेच लागली ती त्याच राशीची. शेजारीण म्हणते, "पुरे" म्हणून टाक एकदाचं, सुटशील. नाही म्हणणार. समोरची टेकडी कंपनीने पडीक लिहून घेतलीय. तिचेही बांध कुणाच्या तरी हातांनीच रचलेत. उद्यापासून मी तिकडे लागणार आहे, आणि रांगेत जिवंत माणसंही लागतील.

तुमचा हात मागे गेलाय मघापासून, बघतेय मी. नाही... वळू नका.

आला ना? द्या इकडे.