एक पाव, तीन गोड

शनिवारी संध्याकाळी ख्रिस्तमंदिराच्या मागच्या खोलीत तिने कागदाची पिशवी उघडली आणि कपाळाला हात लावला. आत उद्याच्या प्रभुभोजनाचा साधा पाव होता, तो ठीक. पण त्याला खेटून तीन गुबगुबीत बन बसले होते, वरून साखरेने चमकणारे, पोटात मनुका भरलेले. प्रभूच्या मेजावर मनुका ठेवायची पद्धत त्यांच्या मंडळीत तरी नव्हती.

मेज मांडायचं काम सहा वर्षं तिच्याकडेच होतं. पांढऱ्या कापडाला इस्त्री करायची, पेले पुसायचे, पाव आणायचा. बेकरीचे म्हातारे मालक थकले म्हणून दुकान एका नव्या माणसाने चालवायला घेतलं होतं आणि त्याचा हा पहिलाच आठवडा. सकाळी घाईत तिने काउंटरवर चिठ्ठी ठेवली होती, संध्याकाळी पिशवी उचलली होती. माणूस दोन्ही वेळा आत भट्टीशी होता. आता मात्र ती तीन बन घेऊन तरातरा निघाली ते त्याला बाहेर बोलावायलाच.

तो हात पुसत आला. कोपरापर्यंत पीठ आणि थोडं डाव्या भुवईवरही. भांडायला आलेल्या माणसाने समोरच्याच्या भुवया पाहायच्या नसतात, पण तिने पाहिल्या.

"मी बिनगोड लिहिलं होतं," ती म्हणाली.

"तीन गोड लिहिलं होतं." त्याने पुरावा म्हणून चिठ्ठीच काढली. वाचताना हात लांब केला, मान मागे घेतली, डोळे बारीक केले. "हे बघा. एक पाव. तीन गोड."

ती भांडण विसरली. आठ वर्षं चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासत होती ती, हा लांब गेलेला हात तिने रोज पाहिला होता.

"तुम्हाला जवळचा नंबर लागलाय."

"माझे डोळे उत्तम आहेत. तुमच्याच ब-चं पोट खपाटीला गेलंय."

"सोमवारी दुकानात या. बघू कोणाचं काय गेलंय ते."

सोमवारी तो खरंच आला. वाचायचा तक्ता हातात धरून पहिल्या दोन ओळी त्याने ऐटीत म्हटल्या, तिसरीला अडखळला, आणि चौथीपासून स्वतःच्या मनाने मजकूर रचायला लागला. तिने हसू दाबून चौकटीत एकेक भिंग बसवलं. तिसऱ्या भिंगाला त्याने तक्ता खाली ठेवला. आधी त्याने स्वतःचा तळहात पाहिला, त्यावरच्या रेषा, भाजल्याचे जुने डाग, नखातलं पीठ, सगळं जणू आजच मिळालं होतं. मग त्याने वर पाहिलं.

"तुमच्या गालावर तीळ आहे."

"जन्मापासून आहे."

"परवा नव्हता," तो गंभीरपणे म्हणाला. तिने उगाचच भिंगांचा डबा आवरायला घेतला.

त्याला चष्मा मिळाला, तरी दर शनिवारच्या पिशवीत तीन गोड बन येतच राहिले. चुकून, असं तो म्हणायचा. चष्मा लावून चुका करणारा माणूस तिने पहिल्यांदाच पाहिला होता. ते तिन्ही बन घरी पोचेपर्यंत तीच संपवायची, पण हे कोणाला सांगायचं काही कारण नव्हतं.

मग चिठ्ठी टाकून निघायच्या ऐवजी ती थांबायला लागली. पीठ कसं मळतात ते पाहायला, असं तिने स्वतःला सांगितलं. त्याचं घराणंही त्याच्या गावच्या मंडळीतलं, आजोबा तर तिथले वडीलजन, म्हणजे कारभारीच होते. पण सोळाव्या वर्षी तो भट्टीशी उभा राहिला तेव्हापासून रविवारची एकही उपासना त्याला मिळाली नव्हती, कारण रविवारी सकाळीच अख्ख्या गावाला पाव लागतो. लोक म्हणायचे, पोरगा देवाला विसरला. तो मात्र पीठ मळताना ओठ हलवायचा. प्रत्येक गोळ्याला एक नाव, आजारी शेजारीण, नोकरी गेलेला मित्र... तिला सगळ्या प्रार्थना तोंडपाठ होत्या, आणि तरी ते हलणारे ओठ बघून तिला त्याचा हेवा वाटायचा.

एका शनिवारी त्याने भट्टीचं दार उघडलं. वाफेने चष्मा पांढराफट्ट झाला, आणि तसाच आंधळ्यासारखा उभा राहून त्याने विचारलं, "एक विचारू? या पावाचं पुढे काय होतं?"

तिने सांगितलं. पाळकसाहेब तो दोन्ही हातांनी उचलतात, मोडतात, तेव्हा कवच तडकल्याचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत जातो. मग तबक हातोहात फिरतं. म्हाताऱ्या, नवरा-बायको, एकमेकांशी न बोलणारे शेजारी, सगळे त्या एकाच पावातलं खातात. सांगता सांगता तिचाच आवाज हळू झाला.

"आणि लागतो कसा?"

साधाच प्रश्न. कुठलाही बेकरीवाला विचारेल असा.

"...मला माहीत नाही," ती म्हणाली. "चौदा महिने झाले, मी खाल्लेला नाही."

त्याने चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. समोर भाजायचे गोळे मांडले होते. त्याने पातं उचललं आणि एकेकावर एक लांब चीर ओढत गेला. काहीतरी बोलायचं म्हणून तिने विचारलं, एवढा सुंदर गुळगुळीत गोळा, त्याला कापायचं कशाला?

"आत जे आहे ते फुगणारच," तो म्हणाला. "आपण वाट दिली नाही तर तो कुठूनही फुटतो. बहुतेक खालून, जिथे दिसत नाही."

ती पिठाच्या पोत्यावर बसली आणि जे कोणालाच सांगितलं नव्हतं ते तिने एका पाववाल्याला सांगितलं.

आईचं शेवटचं आजारपण तिने एकटीने काढलं होतं. धाकटी बहीण नोकरीला दूरच्या शहरात. फोन करायची, औषधांची चौकशी करायची, आणि इकडे चादरी बदलणारे हात मात्र हिचे. मनात राग साठत गेला. गुरुवारी डॉक्टर म्हणाले, ज्यांना बोलवायचं त्यांना आता बोलावून घ्या. तिने फोन हातात घेतला आणि ठेवून दिला. राहू दे, कळू दे तिलाही. शुक्रवार तसाच गेला. शनिवारी दुपारी फोन केला, आणि संध्याकाळी आई गेली. धाकटी रविवारी पोचली. अचानक झालं गं, असं हिने तिला गळ्याशी धरून सांगितलं होतं.

"रविवारच्या शाळेत शिकले होते," ती म्हणाली, "वेदीपाशी यायचं तर आधी घरचं भांडण मिटवून यायचं. आमचं भांडणच नाही. ती दर रविवारी फोन करते, ताई जेवलीस का विचारते. तिला माहीतच नाही. तबक आलं की मी पुढे देते. मेज मीच मांडते म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही."

त्याने तिला धीराचे शब्द दिले नाहीत, देव दयाळू आहे वगैरेही म्हटलं नाही. "मला सांगून काय उपयोग?" तो हळूच म्हणाला. "मी पाववाला."

"तिला सांगितलं तर ती जाईल हो. माझं म्हणून आता तेवढंच माणूस आहे."

"तेवढंच?" त्याच्या तोंडून निसटलं. मग कानाच्या पाळीपर्यंत लाल होऊन तो भट्टीकडे वळला.

दुसऱ्या दिवशी धाकटीचा नेहमीचा फोन आला तेव्हा ताईने जेवण झाल्याचं सांगितलं नाही. गुरुवारपासून सुरुवात केली. शनिवार संध्याकाळपर्यंत सगळं सांगितलं. मग धाकटीने एकच विचारलं.

"आईने मला विचारलं होतं का?"

इथे खोटं बोलायची किती मुभा होती, आणि ते किती प्रेमळ दिसलं असतं.

"हो," ती म्हणाली. "दोनदा."

फोन बंद झाला. पुढच्या रविवारी आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. आता तिसरा रविवार तोंडावर आला होता. शनिवारी पिशवी घेताना ती त्याच्यावर चिडली, तुमच्या त्या चिरेपायी माझी बहीण गेली, असंही म्हणाली. त्याने ऐकून घेतलं. आणि तरी बन पिशवीत घातले.

"मला नको गोड."

"असू द्या. कोणीतरी खाईल."

रविवारी ती नेहमीसारखी कडेच्या बाकावर बसली. प्रार्थना करायला शब्द नव्हते. आता लपवायलाही काही उरलं नव्हतं, आणि त्या रिकामपणात तिला एक विचित्र हलकेपणा वाटत होता, कोणीतरी दार उघडं ठेवून गेल्यासारखा. दुसरं गीत चालू असताना बाकावर शेजारी कोणीतरी बसलं. प्रवासाची बॅग, चुरगळलेली ओढणी, रडून सुजलेले डोळे. धाकटी.

"मी अजून रागावलेय," ती समोर बघत पुटपुटली. "खूप. पण म्हटलं, तिकडे बसून रागावण्यापेक्षा इथे येऊन रागवावं."

समोर पाळकसाहेबांनी पाव उचलला. कवच तडकलं, आणि तो आवाज शेवटच्या बाकापर्यंत गेला. तबक हातोहात येत राहिलं. तिच्या हातात आलं तेव्हा सवयीने ती ते पुढे करणार, तोच धाकटीने तबकाची दुसरी कड धरली. सोडेना.

"घे गं," धाकटी म्हणाली.

तिने घेतला. एवढासा तुकडा, कडेला करपलेला, आत मऊ. चौदा महिने तुकडा न खाता ज्या मेजाचं कापड ती इस्त्री करत आली, त्याच मेजावर तिचीही जागा मांडलेली होती. आपण काही केलं म्हणून नाही, अजिबात नाही... एवढं मोठं काही एवढ्याशा तुकड्यात कसं मावतं ते तिला कळेना. धाकटीचा हात अजून तिच्या मनगटावर होता, रागाने असेल तरी घट्ट होता.

उपासना संपल्यावर तिने मागे पाहिलं. शेवटच्या बाकाशी, दाराला टेकून तो उभा होता. अंगात इस्त्रीचा सदरा, भुवईवर पीठ, नाकावर चष्मा. सोळाव्या वर्षापासून पहिल्यांदाच त्याने रविवारी तासभर भट्टीला पाठ दाखवली होती. मोडल्या पावाकडे तो असा बघत होता, जणू तो त्याने केलेलाच नव्हता.

"आवाज इथपर्यंत आला," तो तिला म्हणाला. मग, "कसा लागला?"

"मीठ थोडं जास्त होतं."

"मीठ मी रोजच्याएवढंच घातलं होतं." त्याने तिच्या ओल्या गालांकडे पाहिलं. "बाकीचं तुमचं असेल."

ती रडता रडता हसली. तो सदऱ्याचं बटण चाचपडत राहिला. "वाफ आली की मला चष्म्यातून काही दिसत नाही," तो म्हणाला. "पण तुम्ही दारात आलात की कळतं. कसं, ते... विचारू नका. दर शनिवारी कळतं. आता बाकीच्या दिवशीही कळावं असं वाटतं. तुमची हरकत नसेल तर."

तिने हातांनी गाल पुसले. धाकटी बॅग घेऊन पायरीवर थांबली होती, दोघांकडे आळीपाळीने बघत होती आणि आपण रागावलेलो आहोत हे विसरण्याच्या बेतात होती.

आठवड्याची रजा काढून ती राहिली. दोघी बहिणी भांडल्या, रडल्या, आईच्या साड्या वाटून घेतल्या, पुन्हा भांडल्या. आणि शनिवारी सकाळी ताई बेकरीत गेली, ब-चं पोट चांगलं गोल काढून लिहिलेली चिठ्ठी घेऊन.

त्याने ती जवळ धरली, अगदी नाकाशी, आणि सावकाश वाचली. 'एक पाव, बिनगोड. तीन गोड.'

"एक तुमचा," तो म्हणाला, "एक धाकटीचा. तिसरा?"

"चष्मा लावलाय ना?"

त्याने चिठ्ठी पुन्हा वाचली. मग तिला वाचलं. आत भट्टीत पाव फुगत होते, आणि त्यांना काढायला कोणी गेलं नाही, म्हणून त्या शनिवारी गावाला पाव थोडा करपलेला मिळाला.