बाल्कनीची किल्ली

हसू नका. आणि तो मोबाइलचा उजेड माझ्या तोंडावर मारू नकोस रे, भूत मी नाहीये. ही गोष्ट माझ्या शेजाऱ्याची. नाट्यगृहाचा रखवालदार होता. सारखा कुठला ना कुठला धोका दाखवायचा, म्हणून सगळे त्याला कुरकुऱ्या म्हणत. मीही म्हणायचो.

डिसेंबरातला शेवटचा शनिवार. शाळेचं संमेलन होतं. वरच्या लाकडी बाल्कनीत लहान मुलं बसणार होती, त्यात त्याची पोरगीही. तुळईला वाळवी लागलीय, हे त्यानं नाट्यगृहाच्या अध्यक्षांना दोनदा सांगितलं. "संमेलन होऊ दे, मग बघू," अध्यक्ष म्हणाले. मग या पठ्ठ्यानं काय करावं? बाल्कनीला कुलूप ठोकलं, किल्ली गटारात टाकली आणि सांगितलं, हरवली!

काय बोलणी खाल्ली त्यानं! मुलं खाली दाटीवाटीनं बसली, आईबाप भिंतीला टेकून उभे. कुणी म्हणालं, प्यायलाय. कार्यक्रम संपल्यावर अध्यक्षांनी चारचौघांत त्याला कामावरून काढलं. तेव्हा कुठं त्यानं खरं सांगितलं. अध्यक्ष वर बोट दाखवून म्हणाले, "पडली का बाल्कनी? नाही ना? मग!"

या 'मग'ला उत्तर नसतं, पोरांनो. पडली असती तर लोकांनी त्यालाच धरलं असतं. नाही पडली, तरी चोर तोच.

बायको आणि पोरीला घरी पाठवून तो शेवटचे दिवे बंद करायला थांबला. बारा वाजून गेले होते. वर खुर्ची सरकल्याचा आवाज आला. तो जिना चढला. कुलूप तसंच लटकलेलं... आणि दार उघडं.

आत अंधार. अंधारात माणसं.

कुणी हलत नव्हतं. प्रत्येकाच्या शेजारी एक खुर्ची रिकामी. तिच्यावर हात ठेवलेला. गर्दीत आपण आपल्या माणसाची जागा धरतो ना... तसा.

त्यानं एकेकाला ओळखलं. वाण्याचे वडील. शिंप्याची बहीण. सगळे गेलेले. पुढच्या रांगेत त्याची आई. त्यानंच तिला स्मशानात पोचवलं होतं. तिचाही हात शेजारच्या खुर्चीवर.

"आई... कुणाची गं जागा?"

त्याला कळलं... त्याच्या पोरीची.

"नाही... आई, नाही..."

ती उठली. मग शेजारचा उठला. मग सगळे. एकही फळी करकरली नाही. अख्खी बाल्कनी त्याच्यासमोर उभी. मोठा माणूस आत आला की उठतात, तशी.

"जन्मात माझ्यासाठी कुणी खुर्ची सोडली नव्हती," मला म्हणाला, आणि ढसाढसा रडला.

पण तेव्हा तिथं... त्यानं पुन्हा पुढं पाहिलं. आई नव्हती.

तो पळाला. अनवाणी. घराचं दार लोटलं. पोरगी झोपलेली. नाकाशी बोट धरलं...

श्वास चालू होता.

त्याच्या हाका ऐकून मी धावत गेलो. पोरीच्या मनगटावर पाच बोटं उमटली होती. कुणी घट्ट धरून सोडल्यासारखी. त्याच्या बायकोनं ओल्या फडक्यानं पुसली. पुन्हा पुसली...

पोरगी आता कॉलेजात जाते. त्या हातात रुंद पट्ट्याचं घड्याळ घालते. झोपतानाही काढत नाही.